लिंबू, पुदिना आणि चिमूटभर मीठ

गेल्या वैशाखांत येथील एका स्नेह्यांच्या नातवाच्या मौंजीबंधनास जाण्याचा योग आम्हांस आला. मुहूर्त सकाळीं साडेदहाचा होता. परंतु भिक्षावळ आटोपून पंगत बसेपर्यंत एक वाजून गेला. उदगीरचें वैशाखांतलें ऊन ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस मंगलकार्यालयाच्या पत्र्याखालीं ह्या वेळीं काय स्थिति असते हें सांगावयास नको. इतक्यांत एक तरुण वाढपी तबकांत उंच कांचेचे पेले घेऊन आला. पेयाचा रंग पाचूसारखा हिरवा, वर पुदिन्याचीं दोन पानें तरंगत असलेलीं, आणि कडेला लिंबाची चकती खोंवलेली. "हें काय, बाळ?" असें विचारतां तो म्हणाला, "मोजितो, आजोबा."

शेजारीं आमचा एक भाचेनातू बसला होता. तो पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. त्यानें आमच्या ज्ञानांत भर घातली ती अशी: शब्दाचा खरा उच्चार 'मोहितो'; मूळ देश क्यूबा; आणि उसापासून काढलेली रम नांवाची दारू, पुदिना, लिंबू, साखर व सोडा हीं त्याचीं पांच अंगें. हें ऐकतांच आमच्या उजवीकडे बसलेल्या वेदमूर्तींनीं ओठांपर्यंत नेलेला पेला तसाच खालीं ठेविला. "घ्या आजोबा, हा व्हर्जिन आहे," असा वाढप्यानें धीर दिला. व्हर्जिन म्हणजे कुमारी. मद्याशीं जिचें पाणिग्रहण झालेलें नाहीं ती, असा अर्थ आम्हीं वेदमूर्तींस समजावून दिला. तथापि त्यांनीं पुन्हां पेल्यास हात लाविला नाहीं. आम्ही मात्र प्यालों. घोट थंडगार होता यांत संशय नाहीं; पण हिरवा रंग बाटलींतल्या पाकाचा होता, गोडी जिलबीच्या पाकाची होती, आणि पेला संपला तेव्हां तहान आधीं होती त्याहून अधिक लागली होती.

घरीं येऊन ही हकीकत सांगितली तेव्हां आमची गृहिणी हंसून म्हणाली, "अहो, म्हणजे सासूबाई करीत असत तें सरबतच कीं! त्या लोकांनीं मीठ घातलें नसेल, दुसरें काय." आणि खरोखरच त्यांत मीठ नव्हतें. प्रस्तुत लेख ह्या एका वाक्यानें आमच्याकडून लिहविला आहे.

आरंभीं थोडें शब्दांविषयीं. शिक्षकी पेशांतून निवृत्त झाल्यावरही ही खोड जात नाहीं. 'पिणें' अशा अर्थाचा श-र-ब हा अरबी धातु आहे. त्यापासून 'शरबत' झालें, आणि 'शराब'ही त्याच धातूची लेक. म्हणजे आपल्या घरांतलें निर्मळ सरबत आणि तें मद्य हीं सख्खीं भावंडें! पाश्चात्यांचा 'सिरप' हा शब्दसुद्धां ह्याच कुळांतला. आमच्या वडिलांचें सारें शिक्षण निजामी अमदानींत उर्दू माध्यमांतून झालें होतें, आणि ही व्युत्पत्ति ते पाहुण्यांपुढें सरबताचा पेला ठेवतांना हटकून सांगत. ऐकणारे वैदिक असले म्हणजे तर त्यांस अधिकच स्फुरण चढे. 'पुदिना' हा शब्द फारसी. मराठवाड्याच्या ह्या टोंकाला, जेथें एका बाजारांत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चारी भाषा कानीं पडतात, तेथें असे शब्द घरांत येऊन इतके रुळले आहेत कीं त्यांस परके म्हणणें म्हणजे घरच्या सुनेस परकी म्हणण्यासारखें आहे.

वस्तु मात्र आपल्याकडे पुरातन आहे. तिचें संस्कृत नांव पानक. आपलें पन्हें तें त्याचेंच रूप. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास कैरीचें पन्हें नसेल तर आमच्याकडील बायका तें हळदीकुंकू मानावयासच तयार नसतात. लिंबाच्या पानकाचीही परंपरा लहान नाहीं. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' ग्रंथांत त्याचें प्रमाण दिलें आहे: लिंबाचा रस एक भाग, साखरेचें पाणी सहा भाग, आणि वासापुरतीं लवंग व मिरें. आम्हीं तें करून पाहिलें. चांगलें लागतें, परंतु हल्लींच्या जिभेस तें अंमळ तिखट वाटेल.

पानकाचा याहून मोठा सन्मान साहित्यशास्त्रांत झाला आहे. अकराव्या शतकांतील काश्मीरचा पंडित मम्मट याला काव्यांतील रस कसा अनुभवास येतो हें समजावून द्यावयाचें होतें, तेव्हां त्यानें दृष्टान्त घेतला तो पानकाचा. साखर, मिरें, आंबट इत्यादि पदार्थ पानकांत पडतात. पण पिणाऱ्यास त्यांचा पृथक् स्वाद येत नाहीं, सर्वांहून निराळा असा एकच आस्वाद येतो. ह्यास पानकरसन्याय म्हणतात. आम्हीं हा न्याय अनेक वर्षें फळ्यावर लिहून शिकविला, आणि मुलांच्या चेहऱ्यांवरून तो त्यांस कळला नाहीं असें दिसे. कारण त्यांस खरें पानक कोणीं पाजलेलें नव्हतें. सरबत साधलें कीं नाहीं हें ठरविण्यास आजही आम्ही हीच कसोटी लावतों. घोट घेतल्यावर "लिंबू छान आहे" असें कोणी म्हणाला तर लिंबू जास्त झालें; "पुदिना छान आहे" म्हणाला तर पुदिना जास्त झाला. आणि मीठ आहे हें ज्यास कळलेंच नाहीं, पण नसतें तर ज्यास चुकचुकलें असतें, त्याच्या पेल्यांत मीठ बरोबर पडलें.

आतां कृति. लिटरभर पाण्यास मध्यम आकाराचीं तीन कागदी लिंबें, चहाच्या चमच्यानें दहा ते बारा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, आणि पुदिन्याचीं वीस-पंचवीस पानें घ्यावीं. एवढ्यांत पांच पेले होतात. लिंबू घेतांना पातळ सालीचें, हाताला जड लागणारें आणि हिरवें-पिवळें असें घ्यावें. पिवळेंधमक आणि हलकें असेल तें आंतून वाळलेलें समजावें. कापण्यापूर्वीं पोळपाटावर तळहातानें दाबून चार वेळां फिरवावें, म्हणजे रस मोकळा सुटतो. पिळतांना शेवटचा थेंब काढण्याचा हट्ट धरूं नये. सालींतलें तेल आणि पडद्यांचा व बियांचा अंश रसांत उतरला म्हणजे तो कडवटतो. हा कडवटपणा तत्काळ न कळतां तासा-दोन तासांनीं वर येतो. सकाळीं केलेलें सरबत दुपारीं कडू कां झालें, असें पुष्कळ भगिनी विचारतात, त्याचें कारण बहुधा पिळणाऱ्या हाताचा लोभ हेंच असतें.

क्रमही महत्त्वाचा आहे. साखर आणि मीठ हीं आधीं वाटीभर कोमट पाण्यांत पूर्ण विरघळवून घ्यावीं, कारण थंड पाण्यांत साखर लवकर विरघळत नाहीं. मग करणारी घाबरून आणखी दोन चमचे घालते, आणि शेवटचा पेला ज्याच्या वाट्यास येतो त्यास तळाचा राब प्यावा लागतो. त्यानंतर माठांतलें पाणी, नंतर लिंबाचा रस, आणि सर्वांत शेवटीं पुदिना.

पुदिन्याविषयीं आमचें मत कडक आहे. तो मिक्सरांत वाटणें हा त्याच्यावर अत्याचार होय. पुदिन्याचें सुगंधी तेल पानाच्या पोटांत खोल नसतें; पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म ग्रंथी असतात, त्यांत तें असतें. त्या फुटण्यास दोन तळहातांमध्यें पानें घेऊन टाळी वाजविली तरी पुरते. फार झालें तर खलांत चमचाभर साखरेबरोबर दोन-चार वेळां हलकेंच चेंचावीं. पान बारीक वाटलें कीं हिरवा रस उतरतो, गवताचा वास येतो. आणि तो हिरवा रंग लिंबाच्या आंबटानें थोड्या वेळांत मळकट, शेवाळी होऊन बसतो. कार्यालयांतल्या त्या पेल्याचा पाचूसारखा रंग पाहूनच आम्हांस शंका आली होती. खऱ्या पुदिन्याचें सरबत जवळजवळ पाण्याच्याच रंगाचें असतें.

वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड चिमूटभर घालण्यास हरकत नाहीं. पादेलोण आवडत असल्यास निम्मे साधें मीठ आणि निम्मे पादेलोण घ्यावें. आल्याच्या रसाचे पांच-सहा थेंब आम्हांस आवडतात, गृहिणीस आवडत नाहींत. सबब आमच्या घरीं ते पडत नाहींत. सोडा घालावयाचा असेल तर पाणी निम्मे घेऊन पेल्यांत ओततांना घालावा. ज्या गोटीच्या बाटलीचा फटाक् असा आवाज आमच्या लहानपणीं बाजारांतून घरापर्यंत ऐकूं येई, ती हायरम कॉड नांवाच्या इंग्रजाची युक्ति. त्यानें १८७२ सालीं तिचा हक्क नोंदविला. त्याच्या देशांतून ती बाटली केव्हांच गेली, आपल्याकडे जत्रेंत अजून भेटते.

आतां ह्या पुदिन्याविषयींचा एक मोठा गैरसमज. पुदिना उष्णता काढतो असें आपण म्हणतों. शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं असें दाखवून दिलें कीं आपल्या मज्जातंतूंत थंडीची जाणीव घेणारें जें एक सूक्ष्म द्वार आहे, तेंच द्वार पेपरमिंटांतील मेंथॉल ह्या द्रव्यानेंही उघडतें. म्हणजे जीभ फसते. शरीर थंड झालेलें नसतें, तें थंड झालें अशी वर्दी मात्र मेंदूस पोंचते. डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पटापूटियन ह्या दोघांनीं हें स्वतंत्रपणें शोधून काढलें. स्पर्श आणि उष्णता यांच्या जाणिवेविषयींच्या संशोधनाबद्दल त्या दोघांस २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. शिवाय आपल्या परसांतला पुदिना निराळ्या जातीचा. त्यांत मेंथॉल अगदीं थोडें. त्याचा वास प्रामुख्यानें कार्वोन ह्या द्रव्याचा असतो. तात्पर्य, पुदिना हा आमंत्रण देणारा आहे. पेला ओठांस लावावासा वाटतो तो त्याच्यामुळें. उन्हानें शुष्क झालेल्या देहाचें काम त्यापुढें कोण करतें, हें आम्हांस एका प्रसंगानें शिकविलें. तो प्रसंग सांगतांना आजही आम्हांस संकोच वाटतो.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. तालुक्यांतील एका शाळेंत आम्ही नोकरीस होतों. चैत्राचे दिवस, वार्षिक परीक्षा चालू, आणि वर्गावर पर्यवेक्षक आम्ही. आठवींतला एक मुलगा दोन कोसांवरच्या वस्तीवरून पायीं येत असे. दुसऱ्या पेपराच्या वेळीं, दुपारीं दोनच्या सुमारास, त्यानें पाणी पिऊन येण्यासाठीं हात वर केला. पाण्याच्या निमित्तानें मुलें बाहेर जातात आणि चिठ्ठ्या वाचतात अशी त्या काळीं आमची ठाम समजूत होती. "पेपर झाल्यावर," असें म्हणून आम्हीं त्यास बसविलें. अर्ध्या तासानें त्यानें पुन्हां हात वर केला. आम्हीं पुन्हां तेंच सांगितलें. तिसऱ्या वेळीं हात वर झाला नाहीं. मुलगा बांकावरून खालीं पडला.

आम्हीं त्यास व्हरांड्यांत नेलें, तोंडावर पाणी मारलें. तो शुद्धीवर आला तसा घाईघाईनें तांब्या त्याच्या तोंडास लाविला. तो घटाघटा प्याला आणि प्यालेलें सर्व ओकून टाकिलें. पुन्हां पाजलें, पुन्हां तेंच. तेव्हां आमच्या शाळेचे शिपाई मामा, ज्यांस सही करण्यापलीकडे अक्षरओळख नव्हती, पुढें आले. "नुस्तं पानी नका देऊ गुरुजी, पोटांत ठरायचं न्हाई लेकराच्या. थांबा जरा," असें म्हणून त्यांनीं शिक्षकांच्या चहाच्या डब्यांतली साखर घेतली, स्वतःच्या भाकरीच्या फडक्यांतलें लिंबू आणि मीठ काढलें, तांब्यांत सर्व हलविलें, आणि चमच्या-चमच्यानें पाजावयास बसले. एक चमचा, मग थांबणें. पुन्हां एक चमचा. अर्ध्या तासांत मुलगा भिंतीला टेकून बसला, आणि त्यानें पहिला प्रश्न विचारला तो हा कीं, "गुरुजी, पेपर पुरा करूं द्याल का?" आम्हीं दिला. त्या वर्षापासून आमच्या वर्गांत परीक्षेच्या वेळीं पाण्याची घागर आंत असे. हें लिहिल्यानें त्या दोन वेळच्या नकाराची भरपाई होते असें नाहीं.

मामांनीं जें केलें त्याची उपपत्ति आम्हांस पुष्कळ वर्षांनीं वाचावयास मिळाली. घामावाटे नुसतें पाणी जात नाहीं, मीठही जातें. आंतड्याच्या आवरणांतून मीठ आंत शिरतें तें साखरेचा हात धरून. साखर आणि मीठ योग्य प्रमाणांत बरोबर असलीं कीं दोघें मिळून आंत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलें जातें. हा संबंध १९६० सालीं रॉबर्ट क्रेन यांनीं मांडला. परंतु त्याची खरी परीक्षा आपल्याच देशांत झाली. १९७१ सालीं बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामांत लक्षावधि निर्वासित बंगालमध्यें आले आणि बनगांवच्या छावणींत पटकी पसरली. शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा हीं पाण्यांत मिसळून पिंपांत भरलीं आणि रोग्यांच्या नातलगांकडूनच तीं पाजविलीं. मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. १९७८ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकानें ह्या उपायाची गणना शतकांतील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. महालनबीस २०२२ सालीं निवर्तले. पद्मविभूषण त्यांस मरणोत्तर, २०२३ सालीं मिळालें. शिपाई मामांस कांहींच मिळालें नाहीं, हेंही येथें नमूद करतों.

येथें दोन सूचना अवश्य ध्यानांत ठेवाव्या. जुलाब-वांतीच्या रोग्यासाठीं सरबताचें प्रमाण चालत नाहीं. त्यास लिटरभर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढेंच द्यावें. जास्त साखर पडली तर जुलाब वाढतात. औषधाच्या दुकानांतली ओआरएसची पुडी मिळत असेल तर ती अधिक उत्तम. दुसरी सूचना अशी कीं ज्यास ऊन लागून शुद्ध हरपली आहे, किंवा जो बरळत आहे, त्याच्या तोंडांत कांहींही ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. त्यास सावलींत निजवून, अंग ओल्या फडक्यानें सारखें पुसून, वारा घालून विनाविलंब रुग्णालयांत न्यावें. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनीं साखर-मिठाचें प्रमाण आपापल्या डॉक्टरांस विचारावें. आम्ही स्वतः साखर निम्म्यावर आणली आहे.

आतां त्या कार्यालयांतल्या पेल्यानें तहान कां वाढविली तें वाचकांच्या सहज ध्यानांत येईल. बाजारांतल्या गोड, फसफसणाऱ्या पेयांत शंभर मिलिलिटरला बहुधा दहा-अकरा ग्राम साखर असते, आणि मीठ नांवापुरतें. वर दिलेल्या आमच्या प्रमाणांत साखर त्याच्या सुमारें निम्मी पडते. पाहुणा दाराशीं आला कीं मुलास दुकानांत पिटाळून बाटली आणविण्याची चाल आमच्या गांवांतही पडली आहे. त्यांत यजमानाचा वेळ वांचतो हें खरें. परंतु उन्हांतून आलेल्या माणसापुढें पूर्वीं गूळ आणि पाणी येई. त्या दोन जिन्नसांनीं तो बसता होई. बाटलीनें तो अस्वस्थ होऊन पुन्हां पाणीच मागतो. हा आमचा नित्याचा अनुभव आहे.

सरबतांत सर्वांत अधिक असतें तें पाणी, आणि मराठवाड्यांतल्या माणसास ह्या विषयावर उपदेश करण्याची गरज नाहीं. १२ एप्रिल २०१६ ह्या दिवशीं मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी आमच्या जिल्ह्याच्या गांवीं, लातुरास, पोंचली. दहा वाघिणींतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी आलें होतें. त्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं पाहुण्यास आधीं "किती घेणार?" असें विचारून मग पेला भरला जाई, आणि कोणास त्याचें वाईट वाटत नसे. पुदिन्याची कुंडी जगली ती माठाच्या कृपेनें. माठाखालीं झिरपणारें पाणी ज्या थाळींत पडतें, ती थाळी काढून तेथें कुंडीच ठेविली. पुदिन्यास कडक ऊन सोसत नाहीं आणि ओल हवी असते. माठाच्या कोपऱ्याइतकी सोयीची जागा त्यास दुसरी नाहीं. बाजारच्या जुडींतल्या चार जाड काड्या पेल्याभर पाण्यांत ठेविल्या तर आठ-दहा दिवसांत मुळें फुटतात, मग त्या मातींत खोंचाव्या.

बर्फाविषयीं एवढेंच कीं घरीं गोठविलेला असेल तरच घालावा. कारखान्यांतल्या लाद्या मासळी आणि माल थंड राखण्यासाठींही निघतात. अशा अखाद्य बर्फांत निळा रंग घालण्याचा नियम २०१८ सालीं झाला, तो ह्यासाठींच. ज्याच्या घरीं चांगला माठ आहे त्यास बर्फाची गरज नाहीं असें आमचें मत आहे. घरांतील तरुण मंडळीचें मत निराळें आहे.

राहतां राहिलें लिंबू, आणि खरी अडचण येथेंच आहे. ज्या महिन्यांत लिंबू हवें त्याच महिन्यांत तें महाग. ह्याचें कारण झाडाच्या स्वभावांत आहे. लिंबास मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार येतात. आंबे बहाराचीं फळें ऐन पावसाळ्यांत उतरतात, आणि तेव्हां त्यांस कोणी विचारीत नाहीं. उन्हाळ्यांत फळ हवें तर हस्त बहार धरावा लागतो. त्यासाठीं पावसाळ्याच्या अखेरीस झाडांस पाण्याचा ताण द्यावयाचा असतो. आकाश गळत असतां ताण द्यावा कसा? २०२१ च्या भाद्रपदांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली, आणि २०२२ च्या एप्रिलांत देशभर एकेका लिंबास दहा-दहा, पंधरा-पंधरा रुपये पडूं लागले.

नेमके त्याच एप्रिलांत, २२ ते २४ तारखांस, आमच्या उदगिरांत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ९५ वें अधिवेशन श्री. भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. आमच्या लहानशा घरीं सात पाहुणे उतरले. ऊन मी म्हणत होतें, आणि सरबत करावें तर लिंबांचा भाव हा असा. पहिल्या दिवशीं गृहिणीनें कैरीच्या पन्ह्यावर निभावलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दाराशीं एक गृहस्थ उभे; हातांत पिशवी, पिशवींत शंभरावर लिंबें. तोच तो बांकावरून पडलेला मुलगा. आतां त्याची लिंबाची बाग आहे. झाडें 'प्रमालिनी' जातीचीं. परभणीच्या मराठवाडा कृषि विद्यापीठानें काढलेली ही जात घोसांनीं फळते आणि खैऱ्या रोगास सहसा दबत नाहीं. "संमेलनाचे पाहुणे आलेत ऐकलं, म्हणून आणलीं गुरुजी," एवढेंच तो बोलला. दरवर्षीं तो एकदां तरी येतो. त्या परीक्षेच्या दिवसाचा विषय तो कधीं काढीत नाहीं. आम्हांसही काढण्याचा धीर होत नाहीं.

पैसे घेणार नाहीं हें ठाऊक असल्यानें आम्हीं त्यास बसवून त्याच लिंबांचें सरबत दिलें. घोट घेऊन तो म्हणाला, "उन्हाळ्यांत विकत कशाला घेतां? श्रावणांत या, तेव्हां झाडाखालीं पडून सडतात." तेव्हांपासून आम्ही श्रावणांतच उन्हाळ्याची बेगमी करतों. तिची कृति सांगून हा लेख पुरा करूं.

श्रावण-भाद्रपदांत लिंबें स्वस्त झालीं म्हणजे पन्नास-साठ आणून धुवून, अगदीं कोरडीं पुसून घ्यावीं. रस काढून गाळावा. वाटीभर रसास तीन वाट्या साखर, ह्या मापानें कांचेच्या कोरड्या बरणींत घालून लांकडी चमच्यानें हलवावें. विस्तवावर ठेवूं नये. उष्णतेनें लिंबांतलें क जीवनसत्त्व नष्ट होतें आणि वासही उडतो. दिवसांतून दोन-तीन वेळां हलवीत गेलें तर दोन-तीन दिवसांत साखर आपोआप विरघळून मधासारखा पाक होतो. तो शीतकपाटांत ठेवावा. पुदिना ह्यांत चुकूनही घालूं नये. तो पेल्याच्या वेळीं ताजाच.

तांब्या-पितळेच्या भांड्याचा स्पर्श मात्र रसास होऊं देऊं नये, मग भांडें कितीही वडिलोपार्जित असो. कल्हई विटली असेल तर आंबटानें धातु उतरून विष होतें, हें आपल्या आज्या जाणत. दुसरी गोष्ट दर्यावर्दी लोकांनीं मोठी किंमत देऊन शिकली. जेम्स लिंड ह्या आरमारी वैद्यानें १७४७ सालीं संत्रीं आणि लिंबें खाऊं घालून खलाशांचा स्कर्व्ही रोग बरा करून दाखविला होता. तथापि १८७५-७६ च्या इंग्रजी उत्तरध्रुवीय मोहिमेंत, सोबत लिंबाचा रस असतांही, खलाशांस तोच रोग झाला. तो रस मुळांत कमी कसाचा, आणि हवा-उजेड व तांब्याच्या नळ्या यांच्या संसर्गानें त्यांतला उरलासुरला गुणही गेलेला होता.

आमच्या बरणीचा पाक महिन्या-महिन्यानें थोडा गडद होत जातो. त्यांतलें जीवनसत्त्व तेवढें ओसरलें असें समजावें. आंबल्याचा वास आला, किंवा बुडबुडे दिसूं लागले, तर बरणी निःसंकोच ओतून द्यावी, नाहीं तर ज्या मद्याविना आपण हें पेय करावयास निघालों तेंच घरांत तयार व्हावयाचें. पेल्यास दोन मोठे चमचे पाक, माठाचें पाणी, चार चुरगळलेलीं पानें, आणि चिमूटभर मीठ. बरणीवर गृहिणीनें तारखेची चिठ्ठी डकविली आहे आणि तिच्याखालीं मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे: "मीठ घालणें." गेल्या श्रावणांतल्या दोन बरण्यांपैकीं दुसरी आम्हीं परवां उघडली.